भूल दिलेल्या लेकराचा श्वास

 

मागच्या वेळी आपण कर्जाच्या हप्त्याचा आणि व्याजाचा हिशेब मांडला होता. आजही हिशेबच मांडायचा आहे, पण तो श्वासाचा. लेकराला ऑपरेशनसाठी भूल देतात, तेव्हा आपण दाराबाहेर बसतो आणि आपल्या पोटात गोळा येतो. आत काय चाललंय ते कळत नाही. ‘पोरगं जागं होईल ना गं?’ हा एकच प्रश्न मनात असतो. तो प्रश्न आमच्या गटातही आला, आणि त्याचं उत्तर शोधताना आमची एक मोठी चूक आमच्याच पदरात पडली. ती चूक सांगायला आम्हाला लाज वाटते. तरी सांगतो, कारण तुमच्याकडून ती होऊ नये.

आमच्या गटातल्या एका मैत्रिणीचा मुलगा चार वर्षांचा. वजन साधारण पंधरा किलो. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला आलं, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की मुलाला हर्निया आहे. रडला की जांघेत फुगवटा यायचा. ‘घाबरू नका, पण ऑपरेशन लवकर करून घ्या,’ असं ते म्हणाले. सोयाबीनची काढणी उरकली, गटातून प्रवासाला आणि बुडणाऱ्या मजुरीसाठी कर्ज दिलं, आणि ठरल्या तारखेला आम्ही तिघी तिच्यासोबत जिल्ह्याच्या ठिकाणी एका दवाखान्यात गेलो.

पहाटे पाचला निघायचं होतं. आजीला नातू उपाशी बघवेना. तिने पाठ फिरताच त्याला कपभर दूध आणि दोन बिस्किटं दिली. हे आईला बसमध्ये कळलं. तिने आम्हाला विचारलं, आता काय सांगायचं? आणि आम्ही, रोज बायांना ‘खरं बोला, नोंद ठेवा’ म्हणून शिकवणाऱ्या आम्ही, तिला म्हणालो, ‘काही सांगू नको. दोन बिस्किटांनी काय होतंय? उगाच तारीख जाईल.’

दवाखान्यात भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडम आल्या. त्यांनी विचारलं, ‘सकाळपासून काही खायला-प्यायला दिलंय का?’ आई आमच्याकडे बघायला लागली. आम्ही मान हलवली, नाही म्हणून. मॅडम खाली बसल्या आणि मुलालाच विचारलं, ‘काय रे, आज कुठलं बिस्कीट खाल्लंस?’ त्याने लगेच नाव सांगितलं. वर म्हणाला, ‘दुधात बुडवून.’

ऑपरेशन त्या दिवशी झालं नाही. आम्हाला राग आला. गाडीभाडं गेलं, मजुरी गेली, आईच्या डोळ्यांत पाणी. आमच्यातली एक जण तर मॅडमना बोललीसुद्धा, ‘गरिबाच्या वेळेला किंमतच नाही.’ मॅडम रागावल्या नाहीत. दुपारी काम संपल्यावर आम्हाला बाकावर बसवून म्हणाल्या, ‘मावशी, आत आम्ही काय बघत बसतो ते तुम्हाला सांगते. मग ठरवा मी बरोबर केलं की चूक.’ त्यांनी अर्ध्या तासात जे समजावलं, ते आज आम्ही आपल्या भाषेत सांगतोय.

श्वासाची दोन कामं असतात. आत घेताना ऑक्सिजन येतो, हे आपल्याला करोनाच्या वेळेपासून पाठ आहे. दुसरं काम आपण विसरतो. शरीरात अन्न जळतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. चुलीतून जसा धूर बाहेर गेला पाहिजे, तसा हा वायू श्वासावाटे बाहेर गेला पाहिजे. बाहेरच्या हवेत तो अगदी नावाला असतो, शंभरात अर्धा भागसुद्धा नाही. आपण सोडलेल्या श्वासात मात्र तो शंभरात चार ते पाच भाग असतो.

लहान मुलाचं शरीर वाढतं असतं. किलोमागे त्याला आपल्यापेक्षा जास्त ऑक्सिजन लागतो, तान्ह्या बाळाला तर जवळपास दुप्पट. वायूही त्याच प्रमाणात जास्त तयार होतो. पण एका श्वासात किलोमागे मावणारी हवा मोठ्या माणसाइतकीच. मग जास्तीचं काम कसं भागवायचं? जास्त वेळा श्वास घेऊन. म्हणून मोठं माणूस मिनिटाला १२ ते २० श्वास घेतं, चार वर्षांचं मूल साधारण २० ते ३०, आणि नुकतं जन्मलेलं बाळ ३० ते ६०. आपल्या आशाताई मिनिटभर बाळाचं पोट बघत श्वास मोजतात, ते याच कारणाने. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० किंवा त्याहून जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास आले, तर न्यूमोनियाची शंका धरून लगेच दवाखाना गाठायचा. हा आकडा प्रत्येक आईने पाठ करावा.

आता भुलेकडे येऊ. भूल म्हणजे साधी झोप नव्हे. झोपेत आपल्याला ठसका लागला तर आपण उठून बसतो. भुलेत घशाची ती राखणदारी बंद पडते. हाच बिस्किटाचा प्रश्न. पोटात अन्न असेल आणि भुलेत ते उलटून घशात आलं, तर खोकून बाहेर टाकायला मूल जागं नसतं. ते थेट श्वासनळीत, फुप्फुसात जातं. दोन बिस्किटांनी काय होतं, तर हे होऊ शकतं.

भुलेचा दुसरा परिणाम श्वासावरच होतो. काही वेदनाशामक औषधांनी श्वास संथ होतो. स्नायू सैल करणारं औषध दिलं तर मुलाचा श्वास पूर्ण थांबतो, आणि तेवढा वेळ डॉक्टर पिशवी दाबून किंवा यंत्राने त्याच्यासाठी श्वास घेतात. आणि मास्कमधून हुंगवायच्या भुलेत मूल स्वतः श्वास घेत असेल, तर बरेचदा उलटं दिसतं. श्वास भराभर होतो, पण उथळ. बघणाऱ्याला वाटेल, चांगला श्वास चाललाय की! इथेच फसगत होते. मॅडमनी हे सांगितलं तेव्हा आम्हाला पहिल्यांदा कळलं नाही. मग आम्ही आमच्या पद्धतीने हिशेब मांडला.

समजा, एक बाई बाजाराला भाजी घेऊन जाते. एका खेपेला १०० रुपयांची भाजी विकते. जाण्या-येण्याचं भाडं ३० रुपये, ते सुटत नाही. हातात ७० उरतात. २५ खेपा केल्या, हातात १,७५० रुपये आले. दुसरी बाई एका खेपेला ६० रुपयांचीच भाजी नेते. भाडं तेच ३०. हातात ३०. तिने ४० खेपा केल्या, तरी हातात आले १,२०० रुपये. आता गंमत बघा. पहिलीची एकूण विक्री २,५०० रुपयांची, दुसरीची २,४०० रुपयांची. विक्री बरोबरीची, खेपा दुसरीच्या जास्त, पण घरी आलेला पैसा कितीतरी कमी.

श्वासाचं असंच आहे. पंधरा किलोचं मूल एका श्वासात साधारण १०० मिलिलिटर हवा घेतं, म्हणजे एक लहान कप. त्यातली ३० मिलिलिटर नाक, घसा आणि श्वासनळीतच राहते. ती फुप्फुसाच्या कामाच्या भागापर्यंत पोचतच नाही. ते भाडं. श्वास उथळ झाला की भाडं तेवढंच राहतं आणि कामाची हवा घटते. मूल मिनिटाला ४० श्वास घेत असलं तरी वायू बाहेर पडत नाही, आत साठत जातो. म्हणून नुसते श्वास मोजून भागत नाही. बाहेर येणाऱ्या श्वासात कार्बन डायऑक्साइड किती आहे, तेही बघावं लागतं.

ते बघायला एक यंत्र असतं, कॅप्नोग्राफ. मास्कला किंवा श्वासाच्या नळीला एक बारीक नळी जोडतात. मुलाने श्वास सोडला की पडद्यावर रेघ वर चढते, थोडी सपाट राहते, आणि श्वास आत घेतला की खाली येते. ओळीने टोप्या मांडून ठेवाव्यात तशी ती दिसते. एक टोपी म्हणजे एक श्वास, त्यामुळे मिनिटाचे श्वासही मोजले जातात. टोपीची उंची म्हणजे वायू किती. बीपी जसं पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये सांगतात, तसंच हेही. साधारण ३५ ते ४५ मध्ये असलं की ठीक.

आमच्यातल्या एकीने विचारलं, ‘मॅडम, बोटाला लावायचं ते ऑक्सिजनचं यंत्र असतं ना? ते पुरत नाही का?’ प्रश्न चांगला होता. त्या म्हणाल्या, ‘तेही लावतोच. पण ते उशिरा बोलतं.’ भुलेत मुलाला जादा ऑक्सिजन दिलेला असतो. श्वास थांबला तरी साठलेल्या ऑक्सिजनवर बोटाचा आकडा काही वेळ चांगलाच दिसतो. मग एकदम कोसळतो. मुलांच्या फुप्फुसात साठा कमी आणि खर्च जास्त, म्हणून त्यांचा आकडा मोठ्या माणसापेक्षा लवकर पडतो. श्वासाची रेघ मात्र पुढच्याच श्वासाला सांगते. नळी निसटली, रेघ सपाट. श्वासनळीऐवजी नळी चुकून अन्ननलिकेत गेली, तरी टोप्या टिकून उमटत नाहीत, कारण पोटातून असा वायू श्वासागणिक येत नसतो. डॉक्टरांना चूक तिथल्या तिथे कळते आणि सुधारता येते.

वायू जास्त साठला तर काय? नाडी पळते, रक्तातलं आम्ल वाढतं, मेंदूच्या रक्तवाहिन्या फुगतात, फार वाढला तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मग आमच्या मनात आलं, यंत्राने भराभर श्वास द्यावेत, म्हणजे सगळा वायू निघून जाईल. तेही चूक. वायू फार कमी झाला तर मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि मेंदूला रक्त कमी पोचतं. भाजीतल्या मिठासारखं आहे, कमी नको आणि जास्तही नको. म्हणून भूलतज्ज्ञ रेघ बघून श्वासांची संख्या आणि एका श्वासाची हवा कमी-जास्त करत राहतात. ऑपरेशन दुसरे डॉक्टर करतात. भुलेच्या डॉक्टरांचं लक्ष सगळा वेळ मुलाचा श्वास, नाडी, बीपी आणि अंगाची ऊब यांवर असतं.

लहान मुलांसाठी साधनंही लहान लागतात. आपल्याला १० मिलिलिटर म्हणजे दोन चमचे. पण तीन किलोच्या बाळाचा अख्खा श्वास साधारण २० मिलिलिटरचा. मास्क मोठा घेतला आणि त्यात १० मिलिलिटर वापरलेली हवा अडकून राहिली, तर बाळ तीच परत आत ओढतं. पूर्वी भुलेची यंत्रं मोठ्या माणसांच्या मापाची होती. त्यात झडपा असायच्या, आणि त्या ढकलताना बाळं दमून जायची. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या फिलिप एअर या भूलतज्ज्ञाने फाटलेल्या ओठाच्या, टाळूच्या बाळांचे हे हाल बघितले. १९३७ साली त्यांनी साधी युक्ती लिहून प्रसिद्ध केली. आपण ठिबकच्या पाइपला टी जोडतो ना? तशीच टी आकाराची छोटी नळी, झडप नाही. एका बाजूने ताजी हवा, एका बाजूला बाळ, एक बाजू मोकळी. १९५० साली लिव्हरपूलच्या जॅक्सन रीस यांनी तिला शेपटीकडे उघडी असलेली पिशवी जोडली. पिशवी फुगते-मिटते, त्यावरून श्वास डोळ्यांना दिसतो, आणि गरज पडली तर हाताने दाबून श्वास देता येतो. ती युक्ती आजही वापरात आहे.

आणखी एक गोष्ट ऐकून आम्हाला फार आनंद झाला. भुलेच्या मोठ्या यंत्रात एक डबा असतो. मुलाने सोडलेली हवा त्या डब्यातून जाते, वायू आतच शोषला जातो, आणि उरलेली हवा परत वापरता येते. डब्यात काय असतं? मुख्यतः चुना! शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की पाणी दुधाळ व्हायचं, आठवतं का? तेच तत्त्व. डब्यातले पांढरे खडे वायू शोषून शोषून दमले की बहुतेक प्रकारांत जांभळे होतात. तो रंग बघून खडे बदलतात.

तर मैत्रिणींनो, आत एवढं सगळं चालतं. पण कितीही चांगलं यंत्र असलं, तरी पहाटे आजीने दूध दिलं हे त्याला कळत नाही. ते फक्त आपल्याला माहीत असतं. म्हणून आपली कामं आता सांगतो. वही जवळ असेल तर लिहून घ्या.

पहिलं, उपास. बहुतेक ठिकाणी नियम असा: जेवण, बिस्कीट, गाई-म्हशीचं दूध आणि पावडरचं दूध ६ तास आधी बंद. आईचं दूध ४ तास आधी बंद. साधं पाणी २ तास आधीपर्यंत, काही ठिकाणी त्याहून थोडं उशिरापर्यंतही चालतं. आपल्या डॉक्टरांनी सांगितलेली वेळच पाळायची, आणि ती कागदावर लिहून घ्यायची. मुलाला रात्रभर उगाच कोरडं ठेवणंही बरं नाही, म्हणून ‘शेवटचं पाणी किती वाजता?’ हे विचारायचंच. आणि ती वेळ घरातल्या सगळ्यांना सांगायची, आजीला तर आधी.

दुसरं, सर्दी-खोकला. नाक वाहतंय, ताप आहे, छातीत घरघर आहे, किंवा गेल्या दोन-तीन आठवड्यांत होऊन गेलंय, तर लपवू नका. अशा वेळी श्वासनळी चिडलेली असते आणि भुलेत ती एकदम आवळू शकते. डॉक्टर तारीख पुढे ढकलतील, ते मुलाच्याच भल्यासाठी.

तिसरं, घरातला धूर. बिडी-सिगारेटच्या धुरात राहणाऱ्या मुलांना भुलेत श्वासाचे त्रास जास्त होतात. घरातल्या पुरुषांना हे सांगा. ऑपरेशनचं निमित्त करून घरात बिडी बंद झाली, तर देव पावला.

चौथं, ही माहिती न विचारता द्या. मूल झोपेत मोठ्याने घोरतं का, घोरताना मध्येच श्वास अडतो का. दमा आहे का. दात हलतोय का, कारण हलणारा दुधाचा दात भुलेत पडून घशात जाऊ शकतो. कुठली औषधं चालू आहेत आणि ती त्या दिवशी द्यायची का. आणि घरात, नात्यात कुणाला भुलेत मोठा त्रास झाला होता का. काही घराण्यांत असा दोष असतो की भुलेच्या ठरावीक औषधांनी अंग भयंकर तापतं. त्याची खूण बरेचदा ताप चढण्याआधी श्वासाच्या त्या रेघेवर दिसते, वायू अचानक वाढायला लागतो. आधी माहीत असेल तर डॉक्टर ती औषधं टाळतात.

पाचवं, प्रश्न विचारायला लाजू नका. ‘भूल कोण देणार? लहान मुलांचं सामान आहे का? श्वासातला वायू बघायचं यंत्र लावणार का?’ हे विचारणं म्हणजे भांडण नव्हे. चांगले डॉक्टर आनंदाने सांगतात.

सहावं, भुलेतून बाहेर आल्यावर. मूल रडेल, चिडेल, झोपाळू असेल. त्याच्याजवळ बसा आणि छातीवर नजर ठेवा. श्वास फार संथ वाटला, घशातून आवाज आला, बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला किंवा ओठ निळसर दिसले, तर वाट न बघता नर्सताईंना हाक मारा. आणि त्यांनी सांगेपर्यंत पाण्याचा घोटसुद्धा द्यायचा नाही.

आमच्या मैत्रिणीच्या मुलाची दुसरी तारीख तीन आठवड्यांनी मिळाली. या वेळी आजीच रात्रभर पहाऱ्याला बसली होती! मॅडमनी तोच प्रश्न विचारला. आईने वहीचं पान पुढे केलं: रात्री जेवण आठ वाजता, शेवटचं पाणी सकाळी सहा वाजता. मॅडमनी ते वाचलं आणि हसल्या. मुलाला आत नेताना आईने विचारलं, ‘त्या टोप्या नीट बघाल ना?’ मॅडम म्हणाल्या, ‘एकेक मोजीन.’

तासाभराने आतून त्याचं रडणं ऐकू आलं. मोठ्याने, दम घेऊन घेऊन. एरवी पोर रडलं की आपण गप्प करतो. त्या दिवशी आम्ही सगळ्या जणी ते रडणं ऐकत बसलो.

परत आल्यावर सोमवारच्या बैठकीत आम्ही पहिल्या तारखेचं सगळं खरं सांगितलं. खोटं बोलायचा सल्ला आमचाच होता, हेही सांगितलं. त्या दिवशी बुडालेलं गाडीभाडं आम्ही तिघींनी वाटून घेतलं, त्या आईच्या कर्जात ठेवलं नाही. आणि ठराव केला: गटातल्या कुठल्याही घरातलं लेकरू ऑपरेशनला जाणार असेल, तर आदल्या दिवशी दोघी जणी त्या घरी जाऊन उपासाची वेळ, सर्दी-खोकला आणि औषधं वहीत लिहून देतील. तुमच्या गटातही असा ठराव करा.

आज एवढंच. घरातलं लहान मूल झोपलं की मिनिटभर त्याच्याजवळ बसा, पोटाकडे बघा, आणि श्वास मोजा. येतो नमस्कार.